धाकटीचं सीरम

...आणि वर म्हणतो काय, "काकू, तुम्ही बसून घ्या." काकू. मला. बरं, म्हटलं, फोटोग्राफर माणूस आहे, एक डोळा कायम मिटलेला, दिसलं नसेल नीट, म्हणून मी आपली उभीच राहिले, तर पुन्हा, "काकू, तुम्ही पुढच्या रांगेत, आजींच्या शेजारच्या खुर्चीत, आणि ताई, तुम्ही मागे या, तरुण मंडळींत." आता ही ताई कोण? तर आमच्या थोरल्या जाऊबाई. थोरल्या, बरं का. माझ्याहून चांगल्या पाच-सहा वर्षांनी मोठ्या. मी या घरात लग्न करून आले तेव्हा त्यांचा मुलगा शाळेत जात होता. त्या ताई आणि मी काकू.

तुम्हाला सांगते, सासू-सासऱ्यांच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली म्हणून सगळ्या घराचा एक फोटो काढायचा ठरला होता, एवढंच. मी आमच्या ह्यांच्याकडे बघितलं, म्हटलं, नवरा आहे, काहीतरी बोलेल, म्हणेल की अहो ही धाकटी आहे. तर हे म्हणाले, "बस की गं, नाहीतरी पाय दुखतात ना तुझे." झालं. बसले. एका बाजूला सासूबाई, दुसऱ्या बाजूला सासरे, मध्ये मी, आणि मागे जाऊबाई, मान जराशी तिरकी करून, स्वतःच्याच मुलाच्या खांद्यावर हात ठेवून, जणू त्याची वर्गमैत्रीणच. तो फोटो आता सासूबाईंच्या दिवाणखान्यात भिंतीवर आहे. चांगला मोठा करून लावलाय. पाहुणे येतात, फोटोकडे बघतात, माझ्याकडे बोट करून विचारतात, "या कोण, तुमच्या बहीण का?"

नाही, मला हेवा वाटत नाही. लोकांना वाटतं हेवा. हेवा नाही हो, नुसतं निरीक्षण. माझं कामच ते. मी रंगाच्या कारखान्यात आहे, प्रयोगशाळेत. गिऱ्हाईक एखादा टाइलचा तुकडा आणून देतं, म्हणतं हुबेहूब असा रंग पाहिजे, आणि मी तो जुळवून देते. पांढऱ्यात किती प्रकारचे पांढरे असतात हे मला विचारा. उन्हात कसा दिसेल, ट्यूबलाइटखाली कसा दिसेल, दोन वर्षांनी पिवळा पडेल का, सगळं सांगते. त्यामुळे समोर एक गाल तजेलदार आणि आरशात एक गाल जुन्या ऑइलपेंटसारखा, हे मला दिसणारच ना? डोळे मिटून घेऊ?

आणि दिसलं ते दिसलं, पण विचारलं की उत्तर काय मिळतं? मी एकदा सरळ विचारलं जाऊबाईंना, "वहिनी, तुम्ही चेहऱ्याला काय लावता हो?" तर त्या अशा हसल्या, हनुवटी छातीला लावून, आणि म्हणाल्या, "मी? मी काहीच लावत नाही गं. साधं पाणी. तोंड धुते आणि पुसते." तोंड धुते आणि पुसते... अहो, मग मी काय तोंड धुऊन वाळत घालते का?

मी विश्वास ठेवला नाही. पुढच्या वेळी त्यांच्याकडे गेले तेव्हा हात धुवायला म्हणून न्हाणीघरात शिरले आणि कडी लावून सगळं बघितलं. फळी बघितली, आरशामागचं कपाट बघितलं, बादलीच्या मागेसुद्धा बघितलं. काय असावं? एक साबण. तोही झिजून पापडीएवढा झालेला. कपड्यांचा नव्हता एवढंच. मी तिथे त्या साबणाकडे बघत उभी राहिले आणि तुम्हाला सांगते, डब्यांनी भरलेलं कपाट सापडलं असतं ना, तर मी जाऊबाईंना मिठी मारली असती.

मग ठरवलं. आपण सीरम करायचं. स्वतः, घरी. गोरं-बिरं व्हायचं नव्हतं मला, ते खूळ माझ्या डोक्यात कधीच नव्हतं. मला थकलेलं दिसायचं नव्हतं. डोळ्यांखालच्या घड्या, कपाळावरच्या रेघा, आणि चेहऱ्यावर एकूणच जे मळभ आल्यासारखं झालं होतं ते घालवायचं होतं. विकतचं का नाही आणलं? आणलं होतं की पूर्वी. पण बाटलीवर काय काय घातलंय ते वाचलं आणि माझ्यातली प्रयोगशाळा जागी झाली. म्हटलं, हे तर पाणी, व्हिटॅमिन सी, थोडं ग्लिसरीन आणि सुवास. जी बाई आख्ख्या इस्पितळाच्या भिंती उजळवते तिला एवढंसं तोंड जड आहे का?

सामान जमवलं. व्हिटॅमिन सी ची पूड, अगदी शुद्ध, पांढरीशुभ्र. नायसिनामाइड, ते डाग कमी करतं म्हणतात. हायलुरॉनिक अॅसिड, नाव भयंकर पण काम साधं, कातडीत पाणी धरून ठेवायचं. बारीक वजनकाटा, आंबटपणा बघायच्या पीएचच्या पट्ट्या, आणि तपकिरी काचेच्या ड्रॉपरवाल्या बाटल्या. ह्यांना सांगितलं, डिस्टिल्ड वॉटर आणा. हे मोटार चालवायला शिकवतात, स्वतःची शिकवणी आहे, तर यांनी काय आणलं? गाडीच्या बॅटरीत घालायचं. मी म्हटलं, "अहो, हे तोंडाला लावायचंय." तर म्हणाले, "डिस्टिल्ड म्हणजे डिस्टिल्ड. गाडी कधी तक्रार करत नाही." या माणसाबरोबर मी संसार केला आणि विचारतात, रेघा कशा पडल्या.

शेवटी मेडिकलमधून पाणी आणलं, ओटा पुसला, भांडी उकळली, केसांना टोपी घातली आणि सुरुवात केली. पहिल्यांदा त्या हायलुरॉनिकनं दगा दिला. पाण्यात टाकलं तर विरघळेचना, साबुदाण्यासारख्या गुठळ्या, ढवळावं तर चमच्याला लोंबतंय. ते तसंच झाकून फ्रिजमध्ये ठेवलं, दुसऱ्या दिवशी बघते तर छान जेलीसारखं झालेलं. मग व्हिटॅमिन सी ची पाळी आली. आणि इथे, तुम्हाला सांगते, इथे माझं चुकलं. मापानं घातलं होतं बरोबर. काट्यावर बघून, मान मोडेपर्यंत वाकून. आणि नेमका फोन वाजला. सासूबाई. म्हणाल्या, "अगं, आज थोरली आली होती. काय टवटवीत दिसते गं अजून. डोळ्यांना बरं वाटतं बघून." मी म्हटलं, "हो ना." दुसरं काय म्हणणार? फोन ठेवला, ओट्याशी आले आणि पिशवी धरून आणखी ओतलं. मापबीप काही नाही. कारखान्यात मी एक थेंब इकडचा तिकडे होऊ देत नाही, आणि घरी पिशवी उपडी केली. हेवा नाही हो, नुसतं निरीक्षण... पण निरीक्षणाला कधीकधी हात असतात, त्याला मी काय करू?

पट्टी बुडवली. पट्टी अशा रंगाची झाली की माझ्यासारखीला न बघता कळावं, हे तोंडाला लावायचं नसतं. मला कळलं. कळूनसुद्धा लावलं. आधी मनगटावर लावून बघायचं असतं, तेही ठाऊक होतं. सगळ्यांना तेच सांगते मी. पण धीर कुठला? सबंध तोंडाला लावलं, मानेलाही लावलं, आणि पलंगावर पडून छताकडे बघत म्हटलं, आता चुणचुणतंय म्हणजे काम करतंय. मग जास्त चुणचुणलं. म्हटलं, जास्त काम करतंय. मग डोळ्यांतून पाणी आलं तेव्हा उठून धुतलं.

सकाळी आरशात बघते तर तोंड लालबुंद, सुजलेलं, गालावर पापुद्रे. कामावर गेले. न जाऊन काय करू, एका हॉटेलचा रंग त्या दिवशी द्यायचा होता. आमचे साहेब आले, माझ्याकडे बघितलं, हातातल्या नमुन्याकडे बघितलं आणि अगदी काळजीनं म्हणाले, "मॅडम, हा प्रायमर आहे की शेवटचा हात?"

त्वचेच्या डॉक्टरांकडे गेले. शांत बाई. त्यांनी माझा चेहरा दिव्याखाली धरला, इकडून बघितला, तिकडून बघितला, मग विचारलं, "काय लावलं होतंत?" मी सगळं सांगितलं, अंदाजानं काढलेल्या टक्केवारीसकट, तेवढंच जरा शास्त्रीय वाटावं म्हणून. त्या ऐकून घेत होत्या. मग म्हणाल्या, "तुमची त्वचा मुळात नाजूक आहे. आता मी देते ते मलम संपेपर्यंत वापरा, आणि त्यानंतर मी सांगेपर्यंत चेहऱ्याला काहीही लावायचं नाही. सीरम नाही, क्रीम नाही. साधं पाणी. तोंड धुवायचं आणि पुसायचं."

तुम्ही हसताय. हसा. मी तिथे त्या स्टुलावर बसून ऐकलं ते. म्हणजे आता खरोखर मी काहीच लावत नव्हते. आणि तेव्हा मला कळलं की काहीच न लावणं हे सगळ्यांनाच शोभतं असं नाही.

पण सामान उरलं होतं ना. पूड फुकट घालवायची? आणि मुख्य म्हणजे माझी कृती चुकीची नव्हती, हात चुकला होता, हे मला सिद्ध करायचं होतं. मग दुसरी बाटली केली. बेताची. फोन बंद करून ठेवला, मापात घातलं, थोडा सोडा घालून आंबटपणा हवा तिथे आणला, टिकण्यासाठी घालायचं ते घातलं. पाण्यासारखं स्वच्छ सीरम. पण लावायचं कुणाला? घरात दुसरा चेहरा एकच.

ह्यांचा चेहरा म्हणजे प्रयोगाला आयताच. गाडीत शिकवताना दिवसभर खिडकीशी बसतात, त्यामुळे एक गाल उन्हानं रापलेला आणि दुसरा बरा. एकाच माणसात दोन शेड. आधी त्यांच्या कोपराच्या आतल्या बाजूला थेंब लावला, दोन दिवस बघितलं, काही झालं नाही. मग रोज झोपण्यापूर्वी फक्त खिडकीकडच्या गालाला लावायला सुरुवात केली. हे पेपर वाचत बसायचे, मी थेंब चोळायचे. विचारलंसुद्धा नाही त्यांनी, हे काय आहे. बायको तोंडाला काय चोळते हे न विचारणारा नवरा मिळायला भाग्य लागतं, असं मला तेव्हा वाटलं.

महिना-दीड महिना गेला असेल. एका रविवारी हे खिडकीशी चहा पीत बसले होते आणि माझी नजर गेली. खिडकीकडचा गाल... अहो, त्या गालाला तजेला आला होता. डोळ्याशेजारच्या सुरकुत्या भरल्यासारख्या. आणि दुसरा गाल, जो मुळात बरा होता, तो आता त्याचा मोठा भाऊ वाटत होता. माझी कृती बरोबर होती. मला केवढा आनंद व्हायला हवा होता. झालाही. चहा संपेपर्यंत टिकला.

कारण मग लोक बोलायला लागले. ह्यांच्याकडे गाडी शिकायला येणाऱ्या बायका. एक बँकेतली होती, ती म्हणे, "सर, तुम्ही हल्ली काय करता? अगदी फ्रेश दिसता." आणि यांनी काय उत्तर दिलं, घरी येऊन मला स्वतःच कौतुकानं सांगितलं, हनुवटी तशीच छातीला लावून... "मी म्हटलं, मी? मी काहीच लावत नाही."

तुम्हाला सांगते, हातातली कढई मी अगदी हळू खाली ठेवली.

पुढे तर कहर. हे गाडीतल्या आरशात बघायला लागले. आरसा मागच्या गाड्या बघायला असतो, हे लोकांना शिकवून यांचं पोट भरतं. कुणाच्या घरी गेलो की खुर्ची अशी निवडायची की तो गाल लोकांकडे यावा. मग एके दिवशी म्हणाले, "अगं, दुसऱ्या बाजूलाही एक हात मारून टाक ना." म्हणजे भिंत. म्हणजे मी रंगारी. मारला हात. दोन्ही गाल चमकायला लागले, आणि मी शेजारी साध्या पाण्यानं तोंड धुतलेली. आधी निदान जावेचा... आधी निदान जावेचं निरीक्षण करत होते, आता घरातच निरीक्षण सुरू. हेवा नाही हो. स्वतःच्या नवऱ्याचा हेवा कोण करतं?

मग एका दुपारी जाऊबाई आल्या. एकट्या, फोनही न करता. मला सुट्टीच होती, हे शिकवणीला गेले होते. मी चहा टाकला. त्या इकडचं तिकडचं बोलल्या, पडद्यांचं कौतुक केलं, मग कपाकडे बघत म्हणाल्या, "भाऊजींचा चेहरा काय छान झालाय गं. तू काहीतरी करतेस ना घरी? सासूबाई म्हणत होत्या." मी म्हटलं, "असंच, जरा प्रयोग." तर त्या एकदम म्हणाल्या, "मला देशील थोडं?"

ही बाई, जी काहीच लावत नाही, ती माझ्या स्वयंपाकघरात बसून माझ्याकडे मागत होती. मी म्हटलं, "तुम्हाला कशाला हवंय?" आणि उठून फ्रिज उघडला.

आता ऐका. फ्रिजमध्ये दोन बाटल्या होत्या. एक बेताची, ह्यांची. आणि एक ती पहिली, माझं तोंड भाजणारी, टाकून द्यायची राहिलेली. दोन्ही तपकिरी, दोन्ही सारख्या. फक्त मला माहीत होतं, कुठली कुठली. फ्रिजचं दार उघडं, थंड हवा तोंडावर, आणि माझा हात गेला. कुठल्या बाटलीवर गेला हे मी तुम्हाला सांगणार नाही, पण तुमच्या चेहऱ्यांवरून दिसतंय, तुम्हाला कळलंय. हेवा होता हो. निरीक्षण-बिरीक्षण काही नव्हतं. चांगला रसरशीत, इतक्या वर्षांचा हेवा होता.

आणि मागून जाऊबाईंचा आवाज आला. "हे बघ ना." मी वळले. बाटली हातात तशीच. त्यांनी कानावरून पुढे सोडलेले केस मागे घेतले होते आणि गालाच्या हाडावर एक डाग होता. तपकिरी, चांगला रुपयाएवढा, कडा पसरत चाललेल्या. मी शेड जुळवणारी बाई, मला दिसला नव्हता. त्या नेहमी उजेडाकडे पाठ करून बसायच्या, हे मला त्या क्षणी उमगलं. आणि मला वाटायचं, ऐट करतात.

म्हटलं, "कधीपासून आहे?"

"झालं वर्ष. वाढतोय. घरात कुणाला दाखवला नाही. ह्यांनासुद्धा नाही."

"अहो पण वहिनी, डाग आहे नुसता. त्यात एवढं काय?"

त्यांनी केस पुन्हा गालावर ओढले. मग म्हणाल्या, "तुला नाही कळायचं. मी या घरात आले तेव्हापासून माझ्याबद्दल एकच वाक्य बोललं जातं, थोरली दिसायला छान. दुसरं काही कुणी कधी बोललंच नाही. तुझ्याबद्दल बोलतात, धाकटी हुशार, धाकटी कारखान्यात आहे, धाकटीला विचारा. माझा हा चेहरा गेला तर मला कोण काय विचारणार? हुशारीला डाग पडत नाहीत गं."

आणि रडायला लागल्या. आता रडताना माणसाचं नाक लाल होतं, तोंड वाकडं होतं, निदान माझं तरी होतं. यांचं काही नाही. दोन थेंब गालांवरून सरळ खाली. रडतानासुद्धा सुंदर दिसत होत्या हो. तरी मला... खरं सांगते, त्या वेळी ते बघून काही झालं नाही. उलट असं वाटलं की इतकी वर्षं मी यांच्याकडे बघत होते आणि एकदाही नीट बघितलं नाही.

हातातली बाटली मोरीत ओतली. नळ सोडून दिला. त्या म्हणाल्या, "अगं, ओतलंस का?" मी म्हटलं, "ते जुनं झालं होतं." मग दुसरी बाटली काढली, त्यांच्या कोपराच्या आत एक थेंब लावला आणि म्हटलं, "दोन दिवस थांबायचं. काही झालं नाही तरच चेहऱ्याला. आणि त्याआधी माझ्या डॉक्टरांना हा डाग दाखवायचा, मी येते बरोबर." त्या म्हणाल्या, "एवढं कशाला?" मी म्हटलं, "धाकटीला विचारायला आलात ना? मग धाकटीचं ऐका."

गेलो डॉक्टरांकडे. त्यांनी बघितलं, घाबरण्यासारखं काही नाही म्हणाल्या, एक क्रीम दिलं, ऊन टाळा म्हणाल्या, आणि माझ्या सीरमची कृती नीट विचारून घेऊन म्हणाल्या, हे लावायला हरकत नाही. आणि मग माझ्याकडे बघून, "तुम्ही मात्र नाही."

डाग फिका झाला. गेला नाही पूर्ण, पण केस मागे बांधतात आता. पण पुढची गंमत ऐका. मला वाटलं होतं, विचारलं कुणी तर म्हणतील, मी काहीच लावत नाही. नाही. ही बाई सगळीकडे सांगत सुटली, "धाकटीनं केलंय. आमची धाकटी करते. अगदी शास्त्रशुद्ध." कौतुकानं हो, मनापासून. झालं. सासूबाई म्हणाल्या, मलाही दे. नणंदेनं बाटली मागितली. त्या बँकेतल्या बाईंनी ह्यांच्याकडून निरोप धाडला. ते टिकत नाही ना फार, पिवळं पडतं, म्हणून थोडं थोडं, ताजं ताजं करावं लागतं. दर रविवारी माझा ओटा म्हणजे कारखाना. जाऊबाई येतात मदतीला, उजेडाकडे तोंड करून बसतात, लेबलं चिकटवतात, बोलतात. छान बोलतात हो, इतकी वर्षं मला माहीतच नव्हतं. मग सगळे आपापली बाटली न्यायला येतात, जेवायला बसतात. आणि मी वाढताना बघते... सासूबाई चमकतायत, नणंद चमकतेय, जाऊबाई तर विचारूच नका, हे दोन्ही बाजूंनी चमकतायत. टेबलावर दिवा लावायची गरज नाही. आणि मध्ये मी, साध्या पाण्यानं धुतलेली आणि पुसलेली.

परवा डॉक्टरांना म्हटलं, आता तरी? त्यांनी गाल बघितला आणि म्हणाल्या, "अजून नाही." अजून म्हणजे किती, ते मी विचारलं नाही.

पण अगदीच वाया गेलं असं नाही हं. ते गाळताना, भरताना, घट्ट-पातळ बघताना रोज या दोन बोटांत चोळावं लागतं ना, हा अंगठा आणि हे शेजारचं. मऊ, तुकतुकीत, एक रेघ नाही. माझ्या या दोन बोटांना कुणी काकू म्हणणार नाही. या ना, जवळ येऊन बघा. अहो, तोंडाकडे काय बघताय... बोटं बघा, बोटं.